मास्तर जातील तिकडे

एप्रिलमधल्या एका शनिवारी सेन्सेई वाजवता वाजवता पहिल्यांदा वाट चुकले आणि मी त्यांच्या मागे गेले. मी ते विचार करून केलं नाही. आमच्या घरी बँड असाच वाजवतात, एवढंच.

मी तिथे कशी पोचले ते आधी सांगायला हवं. जपानमध्ये, त्सुकुबात, पीएचडीचं माझं तिसरं वर्ष होतं. भातखाचरांच्या मातीतल्या बुरशीवर माझं काम होतं आणि ते नीट चाललेलं नव्हतं. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. त्यामुळे प्रयोग फसतो म्हणजे नेमकं काय होतं, हे घरी फोनवर सांगायला माझ्याकडे शब्द नव्हते. आई विचारायची, "अभ्यास चाललाय ना?" मी म्हणायचे, "चाललाय." आठवड्याचे सहा दिवस लॅब, मग सायकल, मग वाटेतल्या कोनबिनीतून, म्हणजे रात्रंदिवस उघड्या दुकानातून, घेतलेला भाताचा गार गोळा आणि झोप. सकाळी उठल्यावर मी आदल्या दिवसाइतकीच थकलेली असायचे.

शनिवारी दुपारी मात्र मी पोलका बँडमध्ये टुबा वाजवायचे.

युनिव्हर्सिटीच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसबाहेर एक कागद लावलेला होता. पोलका बँडला टुबा वाजवणारं माणूस हवं, वाद्य आम्ही देऊ. खाली टुबाचा फोटो. पोलका म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं, पण फोटोतलं वाद्य बघून मी थांबले. माझे वडील, आबा, गेली तीस वर्षं आमच्या तालुक्याच्या गावी लग्नाच्या बँडमध्ये युफोनियम वाजवतात. टुबा म्हणजे त्याच युफोनियमचा थोरला भाऊ. बोटं तीच, फुंक जास्त.

लग्नसराई संपली की आजूबाजूच्या चार-पाच बँडची वाद्यं दुरुस्तीसाठी आमच्या घरी येऊन पडायची. आबा वाद्य उघडून, पुसून, तेल घालून परत जोडायचे आणि हवा कुठून निसटते ते शोधायला कान वाद्याला लावून बसायचे. त्यासाठी फुंकायला दुसरं कोणीतरी लागायचं. भाऊ पळून जायचा. मी फुंकायचे. "फुंक. अजून. थांब. परत." सहावीपासून बारावीपर्यंत माझे सगळे पावसाळे असे गेले. नुसतं फुंकून मी कंटाळते म्हणून आबांनी मला एक एक चाल शिकवली. वरातीत मात्र मी कधीच वाजवलं नाही. आमच्याकडे बायका वरातीत नाचतात, वाजवत नाहीत. पुण्यात कॉलेजला गेल्यावर वडील काय करतात असं कोणी विचारलं तर मी म्हणायचे, "म्युझिकमध्ये आहेत." त्याच्या पुढे कोणी काही विचारलं नाही याचं मला बरं वाटायचं, हे इथे लिहून टाकते.

बँडमध्ये माझ्यासकट नऊ जण होते. सेन्सेई आणि मी सोडले तर बाकीचे सगळे जपानी, त्यातही बायका जास्त. शाळेतल्या बँडमध्ये शिकलेल्या आणि संसार-नोकरी सांभाळून पुन्हा वाजवायला लागलेल्या. बाईनं टुबा वाजवणं ही तिथे बोलण्यासारखी गोष्टच नव्हती. सराव कम्युनिटी सेंटरमधल्या एका खोलीत व्हायचा. बूट बाहेर, आत स्लिपर. प्रत्येकीनं आपल्या पायाशी एक जुना टॉवेल पसरायचा, वाद्यातलं पाणी त्यावर काढायचं. आबांचा बँड ते पाणी रस्त्यावर झटकतो. पहिल्या दिवशी मी ते सवयीनं झटकणारच होते, तेवढ्यात शेजारच्या ट्रम्पेटवालीनं आपला टॉवेल माझ्याकडे सरकवला.

सेन्सेई, म्हणजे आमचे मास्तर, अकॉर्डियन वाजवायचे. वय शहात्तर. अमेरिकेच्या मध्यभागातल्या एका दुधदुभत्याच्या गावातले. त्यांचे पणजोबा जर्मनीतून तिथे आले होते आणि त्या गावात निम्मे लोक तसेच आलेले. दर वर्षी पीक निघालं की चर्चच्या अंगणात मोठा उत्सव, त्यात सेन्सेईंच्या वडिलांचा आणि काकांचा पोलका बँड. आठव्या वर्षी सेन्सेई त्या बँडमध्ये उभे राहिले. पुढे जपानला आले, इथल्या हायस्कुलात चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलं, इथेच लग्न केलं. मी बँडमध्ये आले त्याच्या आधीच्या वर्षी त्यांची बायको गेली होती.

बँड मात्र २०११च्या भूकंप-त्सुनामीनंतरचा. किनाऱ्याकडून आलेली माणसं तेव्हा शाळेच्या जिमखान्यात राहत होती. सेन्सेई रोज दुपारी तिथे अकॉर्डियन घेऊन जायचे. नगरपालिकेतल्या एक बाई तिथे ड्यूटीवर होत्या. चौथ्या दिवशी त्या घरून शाळेतली आपली क्लॅरिनेट घेऊन आल्या. तो बँड. आता त्या बाई पन्नाशीच्या झाल्या होत्या, सरावाची खोली ठरवण्यापासून कागदांच्या झेरॉक्सपर्यंत सगळं त्याच बघायच्या, आणि सेन्सेईंशी बोलताना अजूनही किंचित वाकून बोलायच्या.

पहिल्या दिवशी सेन्सेईंनी मला विचारलं होतं, "नोटेशन वाचता येतं?" मी म्हणाले, "थोडंसं." ते खरं नव्हतं. आम्ही कानानं शिकतो. त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मलाही येत नाही. या लोकांना सांगू नकोस, घाबरतील." ते माझ्याशी सावकाश, स्वच्छ इंग्रजीत बोलायचे. मला ते बोलणं मराठीतच आठवतं.

पोलका म्हणजे युरोपातलं नाचाचं संगीत, तसं सोपं. दोन ठोके. पहिला टुबाचा, दुसरा बाकीच्यांचा. धुम-चक, धुम-चक. बहुतेक चालींना तीन भाग असतात. पहिला, मग दुसरा, पुन्हा पहिला, आणि मग तिसरा, जिथे सूर बदलतो आणि नाचणाऱ्यांना नवा जोर येतो. एप्रिलमधल्या त्या शनिवारी सगळे तिसऱ्या भागाच्या तोंडाशी आले आणि सेन्सेई पुन्हा पहिल्या भागात शिरले.

माझी बोटं त्यांच्यामागे गेली. आमच्या गावाकडच्या बँडमध्ये मास्तर पुढे चालतो, पाठ आपल्याकडे करून. त्यानं चाल बदलली, लांबवली, अर्ध्यात सोडली, तरी बँडनं जायचं. मास्तर चुकला असं बँडमधलं कोणी म्हणत नाही. मागचे कमी पडले असं म्हणतात. टुबा हलला तसे बाकीचेही चाचपडत आले, कारण त्यांचे पाय माझ्या ठोक्यावर होते. एक-दोन ओळी गडबड झाली आणि मग सगळं जुळलं. शेवटी सेन्सेई खूश होऊन म्हणाले, "बघा, आज बँड कसा एका अंगानं चालला."

सराव संपल्यावर पार्किंगमध्ये क्लॅरिनेटवाल्या बाई माझ्या सायकलजवळ आल्या. माझं जपानी तेव्हा बेताचंच होतं, म्हणून त्या एकेक शब्द सुटा करून बोलल्या.

"तुम्ही गेलात, ते बरं झालं."

"सेन्सेई दमले असतील," मी म्हणाले.

"हो. दमले असतील." त्या म्हणाल्या. "पुन्हा दमले, तर पुन्हा जाल का? तुम्ही गेलात की आम्हाला कळेल."

मी मान डोलावली. आम्हा दोघींना त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यांना जिमखान्यातले ते दिवस आठवत असणार. मला आबांच्या मास्तरांची पाठ आठवत होती.

मे महिन्यात ते दोनदा झालं. जूनमध्ये जवळजवळ दर सरावाला. बाईंनी मग एक तक्ता केला. त्यांच्या ऑफिसात असतात तसा, रेघा आखून. कुठल्या चालीत सेन्सेई कुठे वळतात, वळले तर टुबाच्या मागे आपण कुठून जायचं, परत मूळ वाटेवर कुठे यायचं. प्रत्येकीच्या कागदांत तो मागच्या बाजूला ठेवलेला असायचा. मला त्याची गरज नव्हती. सेन्सेई वळायच्या आधी त्यांचा उजवा खांदा किंचित खाली जायचा. मी खांद्याकडे बघून वाजवायचे.

सेन्सेईंना कळत नव्हतं. ते जात होते तिथे बँड होताच. त्यांच्या कानाला काही खटकायचं कारणच नव्हतं.

जुलैत मी हे आबांना फोनवर सांगितलं. पोलका बँडमध्ये वाजवते हे तोवर घरी सांगितलेलं नव्हतं, त्यामुळे आधी अर्धा वेळ त्यातच गेला.

"म्हंजे तू टुबा वाजवतीस? उभं राहून?"

"बसून, आबा. जड असतो."

"आन लोकांम्होरं?"

"हो."

मला वाटलं रागावले. मग म्हणाले, "तिसरी कळ अडकते का बघत जा. टुबाची तिसरी लई अडकते." मग मी त्यांना सेन्सेईंचं सांगितलं. त्यांना आश्चर्य वाटलं नाही. "बराबर केलंस. मास्तराला उघडं पडू द्यायचं नस्तं." त्यांच्या आवाजात मला जो आनंद ऐकू आला तो माझ्या ॲडमिशनच्या दिवशीही आला नव्हता, आणि त्या सबंध उन्हाळ्यात मला शाबासकी मिळालेली ती एकच गोष्ट होती. लॅबमध्ये माझे नमुने दुसऱ्यांदा खराब झाले होते. गाईडसरांनी काहीच म्हटलं नव्हतं, नुसतं "सो का", म्हणजे "असं का", म्हणून मान हलवली होती, आणि त्यापेक्षा ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

ऑक्टोबरमध्ये कार्यक्रम होता. जवळच्या एका छोट्या शहराचं सेन्सेईंच्या गावाकडच्या एका शहराशी मैत्रीचं नातं होतं, म्हणून तिथल्या बाजारपेठेत वर्षातून एकदा त्या तिकडच्या जर्मन लोकांसारखा उत्सव भरायचा. बीअर, सॉसेज, पोलका. आमचे कार्यक्रम दोन, एक सकाळी अकराला आणि एक दुपारी दोनला. बायकांना फुगीर बाह्यांचा फ्रॉक आणि वर ॲप्रन, पुरुषांना चामड्याची अर्धी चड्डी आणि पिसाची टोपी. माझ्याच वसतिगृहात एक मराठी ताई होत्या, मुंबईच्या, पोस्टडॉक करणाऱ्या. त्या दिवशी सकाळी मला जिन्यात बघून त्या मटकन पायरीवर बसल्या.

"अगं, हे काय? स्नो व्हाइट?"

"बँडचा युनिफॉर्म आहे, ताई."

"आणि थिसिस? थिसिस कोण लिहिणार, सात बुटके?"

"रविवार आहे आज."

"बरं, जा बाई. फोटो पाठव. तुझ्या आईला नको, मला पाठव."

मंचावर निवेदकानं नेहमीप्रमाणे जाहीर केलं, थेट जर्मनीहून आलेला बँड. सेन्सेईंनी माईक घेतला आणि अस्खलित जपानीत म्हणाले, "जर्मनीहून माझे पणजोबा आले, तेही अमेरिकेत. मी आलो शेजारच्या गावातून, सायकलवर." लोक हसले. सेन्सेई त्या दिवशी फार चांगले दिसत होते. सकाळच्या कार्यक्रमात त्यांचा खांदा तीनदा खाली गेला. तीनदा मी गेले, बाकीचे माझ्याबरोबर, आणि समोर नाचणाऱ्यांपैकी कोणाचं पाऊलही अडलं नाही. एकदा तर पेले उंचावण्याची धून त्यांनी लागोपाठ दुसऱ्यांदा सुरू केली. लोकांनी दुसऱ्यांदा पेले उंचावले. त्यांना ते चाललं.

वारा होता. कागद उडू नयेत म्हणून आम्ही ते कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी स्टँडला लावले होते. कार्यक्रम संपल्यावर बाईंनी चिमटे काढले आणि त्याच वेळी वारा आला. कागद मंचभर झाले. सेन्सेई वाकून गोळा करायला लागले. बाई "नको, नको, मी करते," म्हणत धावल्या, पण तोवर तक्ता सेन्सेईंच्या हातात होता.

वर ठळक अक्षरात शीर्षक होतं: सेन्सेई वाट सोडतील तेव्हा.

त्यांनी तो उभ्याउभ्या वाचला, वरपासून खालपर्यंत, घाई न करता. बाई माफी मागत कमरेत वाकल्या त्या वर उठेनात. सेन्सेईंनी तक्ता त्यांच्या हातात दिला, म्हणाले, "नीट केलाय," आणि मंच उतरून माझ्याकडे आले. मी तंबूच्या मागे बर्फाच्या पेटीवर बसले होते. ते शेजारच्या पेटीवर बसले.

"हे सगळे तुझ्या मागे येतात," ते म्हणाले. "तू कोणाच्या मागे जातेस?"

"तुमच्या."

"आज सकाळी किती वेळा?"

मला सांगायचं नव्हतं. मी म्हणाले, ऊन होतं, गर्दी होती.

"किती वेळा?"

"तीन."

ते समोर बघत होते. तिथे एक माणूस सॉसेज उलटत होता. "मला वाटलं," ते म्हणाले, "आज आपण वर्षातलं सगळ्यात चांगलं वाजवलं."

"वाजवलं, सेन्सेई." मी हे त्यांची समजूत घालायला म्हणाले नाही. खरंच चांगलं वाजलं होतं.

"दोन वाजता माझ्या मागे येऊ नकोस."

"पण लोक..."

"लोकांचं राहू दे. मी कुठेही गेलो तरी तू जायचं तिथेच जा. मला ते ऐकायचंय."

मी हो म्हणाले. बाईंना जाऊन सांगितलं. त्यांनी तक्ता चार घड्या करून पर्समध्ये ठेवला आणि बाकीच्यांना सांगायला गेल्या.

दोनच्या कार्यक्रमातल्या पहिल्या तीन चाली सरळ गेल्या. मला आशा वाटायला लागली होती. चौथी त्यांच्या वडिलांची आवडती, आठव्या वर्षी शिकलेली. पहिला भाग, दुसरा, पुन्हा पहिला. खांदा खाली गेला.

मी तिसऱ्या भागात गेले.

एवढं साधं वाक्य आहे, पण ते करताना मला काय झालं ते नीट लिहिता येत नाही. भर रस्त्यात मास्तरांना सोडून आपण दुसऱ्या गल्लीत वळावं तसं वाटलं. बाकीचे माझ्याबरोबर आले. आठ जणांचा तिसरा भाग आणि एकट्या अकॉर्डियनचा पहिला भाग, असे दोन्ही एकावर एक काही वेळ वाजत राहिले. ते ऐकायला भयंकर होतं. मी समोरच्या कागदाकडे बघत होते, मला नीट न वाचता येणाऱ्या.

मग अकॉर्डियन थांबला. त्याच्या भात्यातली उरलेली हवा निघून गेल्याचा आवाज मी ऐकला. सेन्सेई हात तसेच ठेवून, मान एका बाजूला कलती करून उभे होते. ऐकत होते. पुढे बालवाडीतली पोरं आणि दोन-चार म्हातारी जोडपी गोल फिरत होती, त्यांना काही समजलं नाही. तिसरा भाग संपत आला तसे सेन्सेई शेवटच्या फेऱ्याला अचूक आत आले आणि आमच्याबरोबर संपवलं. टोपी काढून लोकांना सलाम केला. उरलेल्या चालींमध्ये त्यांनी फक्त हलके सूर धरले. पुढे कोणी जायचं ते मी आणि ट्रम्पेटवालीनं बघितलं.

सामान गाडीत भरताना ते माझ्याजवळ आले.

"कधीपासून?"

"एप्रिल."

त्यांनी बोटांवर महिने मोजले. सात झाले. ते ओरडले नाहीत. त्यांचा आवाज शाळेत फळ्याशी उभ्या राहिलेल्या माणसाचा होता, दिवसाचा शेवटचा तास घेणाऱ्या.

"ती असती तर तिनं मला पहिल्या आठवड्यात सांगितलं असतं," ते म्हणाले. ती म्हणजे त्यांची बायको. "आता घरात कोणी नाही. एकट्यानं वाजवताना मला कुठे कळणार? कळायची एकच जागा होती माझ्याकडे. शनिवार."

मी त्यांना आमच्याकडची पद्धत सांगायचा प्रयत्न केला. मास्तर, वरात, मागून जाणं. इंग्रजीत ते सगळं फार लहान आणि थोडं मूर्खपणाचं वाटलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"माझ्या वडिलांच्या बँडमध्ये काका ओरडायचे," ते म्हणाले. "मधल्या मध्ये, सगळ्यांसमोर. उठ रे, कुठे गेलास! मला त्याचा फार राग यायचा." आणि ते गाडीत जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी लॅबमधून लवकर निघून मी आबांना फोन केला. झालेलं सांगितलं. मला वाटतं मला त्यांनी पुन्हा एकदा बरोबर केलंस म्हणावं असं हवं होतं, किंवा चूक केलीस म्हणावं. दोन्हींपैकी काहीही चाललं असतं.

"आमच्या जुन्या मास्तरांचंबी तसंच," आबा म्हणाले आणि हसायला लागले. "तुला सांगितलं न्हाई कधी? ऐन लग्नात एकदा वरात घेऊन दुसऱ्याच गल्लीत शिरले. नवरदेव घोड्यावर, आम्ही चाळीस माणसं मागं. कुणी बोलंना. गेलो की सरळ, पार त्या गल्लीच्या टोकाला. तितं म्हशीचा गोठा." ते हसत राहिले आणि मीही हसले.

"मग?"

"मग काय, घोडा फिरंना. नवरीकडची मान्सं आली हुडकत."

"नाही, मास्तरांचं काय झालं मग?"

आबांचं हसू थांबलं. "त्याच वर्षी, लग्नसराई सरल्यावर. दूध आणायला गेले आन घर गावंना त्यांना. तीन दिसांनी सापडले, लांब, तिकडं साखर कारखान्यापाशी. नंतर फार दिस काढले न्हाईत." मग ते म्हणाले, "त्यांची मुलगी आम्हाला इचारत हुती तवा. बँडमदी काय दिसलं हुतं का तुम्हाला, म्हणून."

"तुम्ही काय सांगितलं?"

"न्हाई म्हणालो. मान ठेवायचा म्हणून." मागे आईचा कुकर शिट्टी देत होता. "सांगायला पायजे हुतं का गं?"

"मला माहीत नाही, आबा," मी म्हणाले. पण फोन ठेवल्यावर मी क्लॅरिनेटवाल्या बाईंना मेसेज पाठवला की सेन्सेईंना डॉक्टरकडे न्यायला हवं आणि मी बरोबर येईन. त्यांचं उत्तर लगेच आलं. सेन्सेईंनी त्यांना सकाळीच फोन करून अपॉइंटमेंट घ्यायला सांगितलं होतं. आणि टुबावालीला विचारा, असं म्हणाले होते. "डॉक्टर तारखा विचारतील, माझ्या तारखांचा भरवसा नाही."

त्या बुधवारी मी सरांची परवानगी काढली. कारण विचारलं तर काय सांगायचं ते रात्रीच घोकून ठेवलं होतं, पण त्यांनी विचारलं नाही. बाईंनी गाडी चालवली. सेन्सेई पुढे बसले, सीटबेल्ट लावला. हॉस्पिटलमध्ये त्यांना आधी आत नेलं, काही आकडे, काही चित्रं, काही प्रश्न. आम्ही दोघी बाहेर बसलो. बाईंनी पर्समधून तो तक्ता काढला, उलगडला, पुन्हा घडी केली. "मी हा फार मन लावून केला होता," त्या म्हणाल्या. मी म्हणाले, "हो."

मग आतून मला बोलावलं. बाई येईनात, त्या म्हणाल्या, मी इथेच बरी.

डॉक्टर तरुण होते, माझ्याहून फार तर सात-आठ वर्षांनी मोठे. ते सेन्सेईंना विचारत होते, हे कधीपासून होतंय असं तुम्हाला वाटतं?

"मला वाटायचं, या महिन्यापासून," सेन्सेई म्हणाले. "पण हिला विचारा. ही माझ्या मागे होती."

डॉक्टर माझ्याकडे वळले. मी माझ्या मोडक्या जपानीत सांगितलं, एप्रिल. दुसरा शनिवार.

"इतकं नक्की कसं आठवतं?"

त्या दिवशी ते तिसऱ्या भागात जायचे ते पहिल्या भागात गेले, मी म्हणाले. डॉक्टरांना ते कळलं नसावं. सेन्सेईंनी त्यांना दोन वाक्यांत समजावलं, पोलका कसा असतो ते, हातानं टेबलावर ठोके देऊन. डॉक्टरांनी मान हलवली आणि लिहायला घेतलं.

"आणि त्यानंतर? महिन्याप्रमाणे सांगता आलं तर बरं."

मी सेन्सेईंकडे बघितलं. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते आणि ते माझ्याकडे बघत होते, सरावाला कोणी नवीन चाल वाजवत असेल तर बघायचे तसे.

"एप्रिलमध्ये एकदा," मी म्हणाले. "मे महिन्यात दोनदा. जूनमध्ये चार सराव झाले. तीनदा."

"जूनमध्येसुद्धा?" सेन्सेईंनी इंग्रजीत विचारलं.

"हो."

"ती नवी चाल, मी तुम्हाला शिकवली ती? त्यातही?"

"त्यात दोन वेळा, सेन्सेई."

डॉक्टरांचं पेन थांबलं होतं. खिडकीबाहेर कोणीतरी व्हीलचेअर ढकलत चढणीवरून वर येत होतं. सेन्सेईंनी खाली बघितलं. मग त्यांनी मान वर केली.

"बरं," ते म्हणाले. "पुढे."

मी जुलै सांगायला लागले.